महुआखेड्यातले वडे

गेंदाबाईनं वडा तोंडात घातला, दोनदा चावला आणि उठून कडेला जाऊन थुंकून टाकला.

"काय री, जो का खवा दओ!" पदरानं ओठ पुसत ती ओरडली. "कच्ची मछरिया जैसो बासत है!"

चौपालावर, म्हणजे गावच्या चावडीवर, बसलेल्या चाळीसएक बायका खो खो हसत सुटल्या. पोरांनी लगेच वडे थुंकायची शर्यतच लावली. गेंदाबाई सरपंचाची आई. तिनं जे थुंकलं ते महुआखेड्यात दुसरं कोणी गिळणं शक्य नव्हतं.

एकोणसत्तर सालचा मे महिना होता. पनागरच्या पुढं, जबलपूरपासून तासाभराच्या जीपच्या वाटेवर हे गाव. या भागात पावसाळाभर शेतांना बांध घालून पाणी कोंडून ठेवायची रीत. पाणी सोडलं की गहू, चना. म्हणजे ऐन पावसाळ्यात एवढी काळी जमीन नुसती पाण्याखाली. त्या जमिनीत सोयाबीन पेरावं म्हणून जबलपुरातल्या आधारतालचं कृषी विद्यापीठ आणि त्याच्याबरोबर काम करायला आलेले अमेरिकन लोक गावोगाव फिरत होते. मागल्या साली महुआखेड्यात चार घरांनी भीत भीत पेरलं. पीक तर आलं, पण विकत घ्यायला व्यापारी नाही आणि खायचं कसं ते कोणाला ठाऊक नाही. पोती तशीच पडून होती. आता घरच्या बायकांना ते आवडलं तरच पुढची पेरणी होणार होती.

सरपंच उभा राहिला. हात जोडून, पण ठाम आवाजात म्हणाला, "बहनजी, आपने बहुत मेहनत की. लेकिन इस साल हम खेत में पानी ही भरेंगे, जैसा बाप-दादा भरते थे."

ज्यांना तो बहनजी म्हणाला त्या मिस ओल्सन. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातून आलेल्या, पन्नाशीच्या, उंच, सुती साडी जरा आखूडच नेसणाऱ्या. त्यांनी स्वतः एक वडा खाल्ला. चेहरा उन्हानं लाल झाला होता, तो आणखी लाल झाला. "गलती मेरी है," त्या तुटक हिंदीत म्हणाल्या. "गाँव की गलती नहीं. मेरी."

कढईमागं बसलेल्या अंजनीच्या हातातला झारा तिथंच थांबला. कारण गलती कोणाची होती ते त्या चौपालावर एकट्या तिलाच माहीत होतं.

अंजनी गावंडे विद्यापीठाच्या गृहविज्ञान विभागात भांडी घासायला होती. माहेर वरूडकडचं. लग्न होऊन जबलपुरात आली, ती रांझीच्या फॅक्टरी क्वार्टरांत. नवरा नीलकंठ तिथल्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत टर्नर. दोन मुलं शाळेत जायला लागल्यावर तिनं हे काम धरलं. तीन वर्षं रोजंदारीवर काढली होती आणि आता नोकरीत पक्कं करण्याचा कागद विभागाच्या साहेबांच्या टेबलापर्यंत पोचला होता.

वडे करायचं काम खरं तर स्वयंपाकघरातल्या मदतनीस बाईचं. ती आजारी पडली म्हणून आदल्या दिवशी अंजनीला सांगितलं. मिस ओल्सननी कृती समोर उभं राहून समजावली होती: पाण्याला खळखळून उकळी आली की चिमूटभर सोडा घालायचा, सोयाबीन कोरडंच त्यात टाकायचं, अर्धा तास उकळायचं, सालं चोळून काढायची आणि मगच वाटायचं. अंजनी "हाव जी, हाव जी" करत गेली. पण कोरडं बी उकळत्या पाण्यात टाकणं हा काही तिला स्वयंपाक वाटेना. तिच्या आईचे वडे वरूडच्या चार गल्ल्यांत नावाजलेले. आई डाळ दिवसभर भिजत घालायची आणि मग पाट्यावर वाटायची. मेमसाहेब शिकलेल्या, पण वडे कुठं केले असणार त्यांनी? बिचाऱ्या एवढ्या धडपडतात, त्यांचे वडे मऊसूत व्हावेत, या विचारानं अंजनीनं सोयाबीन सकाळीच गार पाण्यात भिजत घातलं, संध्याकाळी कच्चंच वाटलं आणि डबा झाकून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी जीपमध्ये चढवला तो डबा तोच. वाटलेलं पीठ बघून मिस ओल्सननी तिच्या पाठीवर थोपटलंसुद्धा होतं.

जीप परतीच्या वाटेला लागली. अंजनी मागं कढई मांडीशी धरून बसली होती. पुढं मिस ओल्सन खिडकीतून बाहेर बघत होत्या.

घरी गेल्यावर तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. नीलकंठ जेवता जेवता थांबला.

"कोणी पायलं का तुले भिजवताना?"

"नाही."

"मंग चूप बस. पयले पक्की हो. एकदा कागद हाती आला की काय सांगायचं ते सांग."

"अवो, पण बहनजीनं आपल्या डोक्यावर घेतलं सारं. भर गावात."

"तिचं काय जाते? ती उद्या विमानात बसून जाईन आपल्या देशात. आपल्याले इथंच राहाचं हाये, अंजने."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. अंजनीनं मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी ती स्वयंपाकघराची फरशी पुसत होती, तेव्हा शेजारच्या खोलीतून टाइपरायटरचा आवाज येत होता. कुंदाताई शेवडे काहीतरी टाइप करत होत्या. त्या नागपूरच्या, विभागात शिकवायच्या आणि मिस ओल्सनचं बोलणं अडलं की पुढं होऊन सांगायच्या.

"ताई, काय लिहून राहिले बहनजी?" अंजनीनं दारातूनच विचारलं.

"कालचा अहवाल," कुंदाताई मान वर न करता म्हणाल्या. "आपल्याकडच्या उन्हाळ्यात ठेवलेलं सोयाबीन खवट होतं, उकळण्याच्या कृतीनंही त्याचा वास जात नाही, तेव्हा गावातले कार्यक्रम थांबवावेत, असं लिहिलंय. बाईंनी फार मनाला लावून घेतलंय ग."

"म्हणजे हे इथल्या साहेबाले देणार?"

"साहेबांना, दिल्लीला आणि तिकडं इलिनॉयला. आफ्रिकेतल्या दोन-तीन देशांतही हेच काम सुरू करायचं म्हणतात. ते लोक आपल्या अनुभवाची वाट बघतायत. त्यांनाही हेच कळेल."

अंजनीच्या हातातलं फडकं बादलीत पडलं. एका गावात वडे बिघडले एवढंच तिला वाटलं होतं. आता ते कुठल्या कुठं चालले होते. ज्यांची नावंही तिला घेता येणार नाहीत अशा देशांतल्या चुलींवरून एक पातेलं उतरणार होतं, आणि का, तर तिनं बी भिजत घातलं म्हणून.

ती तशीच ओल्या हातांनी मिस ओल्सनच्या टेबलापुढं जाऊन उभी राहिली.

"बहनजी, चिट्ठी मत भेजो. बी खराब नहीं है. आपका तरीका भी खराब नहीं. मैंने ठंडे पानी में भिगोया. कच्चा पीसा. आपने बोला था वैसा किया नहीं."

मिस ओल्सनना आधी कळलंच नाही. कुंदाताई आत आल्या आणि त्यांनी इंग्रजीत सांगितलं. मिस ओल्सन हळूच उठल्या. हातातली पेन्सिल टेबलावर अशी आपटली की तिचे दोन तुकडे झाले.

"तीन साल, अंजनी!" त्यांचा आवाज फाटला. "तीन साल मैं उस गाँव में जाती हूँ!"

आणि त्या दार ढकलून बाहेर निघून गेल्या. भर दुपारी, डोक्यावर काही न घेता, आवारातल्या लिंबाखाली येरझारा घालू लागल्या. खिडकीतून दिसत होतं. अंजनी हलली नाही. कुंदाताई कुजबुजल्या, "मला आधी सांगायचंस ना. कागद साहेबांच्या टेबलावर आहे तुझा." अंजनी ओले हात पदराला पुसत राहिली. रडूही येईना. छातीवरचा धोंडा मात्र उतरला होता, हे तिचं तिलाच जाणवत होतं.

बऱ्याच वेळानं मिस ओल्सन आत आल्या. चेहरा धुतलेला होता. त्यांनी टाइप केलेला कागद उचलला आणि त्याच्या चार घड्या केल्या.

"भिगोया क्यों?"

"हमारे में ऐसाच करते हैं, बहनजी. मेरी माँ करती थी. आपके वड़े अच्छे होना बोलके."

मिस ओल्सननी घडी केलेला कागद कचऱ्याच्या टोपलीत टाकला. मग म्हणाल्या, "तो गलती मेरी भी है. मैंने बताया, 'करो'. 'क्यों', यह नहीं बताया."

त्या दुपारी दोघींनी दोन शेगड्या पेटवल्या. परवा भिजवून वाटलेलं थोडं विभागाच्या फ्रिजमध्ये उरलं होतं, त्याचे चार वडे एकीकडं. दुसरीकडं उकळत्या पाण्यात टाकून शिजवलेल्या सोयाबीनचे चार. मिस ओल्सननी एक कोरडा दाणा दातांनी फोडून दाखवला. हा फुटला आणि त्याला गार पाणी लागलं की आतून वास सुटतो, उकळतं पाणी लागलं की सुटायच्या आधीच मरतो, एवढंच. अंजनीनं आधी इकडचा खाल्ला, मग तिकडचा. दुसऱ्या वड्याला चण्याच्या डाळीच्या वड्याहून वेगळी काही चव नव्हती. तिनं तो संपवला आणि मग आपणहून आणखी एक घेतला.

"अब समझा?"

"समझा, बहनजी."

"अच्छा. तो महुआखेड़ा में तुम बताओगी. मैं बर्तन धोऊँगी."

अंजनीला वाटलं, थट्टा करतायत. पण मिस ओल्सन हसत नव्हत्या.

आठवड्यानं जीप पुन्हा महुआखेड्यात शिरली. या खेपेला सात-आठच बायका जमल्या, त्याही गंमत बघायला. गेंदाबाई मात्र आली होती, पुढंच बसली होती. अंजनी उभी राहिली. चार माणसांपुढं ती जन्मात कधी बोलली नव्हती. तिनं खांबाचा आधार घेतला.

"अम्मा," ती गेंदाबाईलाच म्हणाली, "उस दिन के वड़े बहनजी ने नहीं बिगाड़े. मैंने बिगाड़े. मेरे को बोला था, भिगोना मत. मैंने भिगोया."

गेंदाबाईनं डोळे बारीक केले.

"तो तैने बिगाड़े हते?"

"हव."

"काय भिगोए री?" तिनं कारण विचारलं.

"मेरी माँ भिगोती थी, तो मैंने भी..."

गेंदाबाई एकदम हसली. आधीच्या हसण्यासारखं नव्हे ते, पोटातून आलेलं. "हम सोई भिगोते!" ती बाकीच्यांकडं वळून म्हणाली. "कौन नईं भिगोता? तू भिगोती कि नईं?" शेजारणीनं मान हलवली, तिच्या शेजारणीनंही. बघता बघता आपापल्या आईनं काय काय भिजवलं याच्या गोष्टी निघाल्या. अंजनीनं खांब सोडला आणि चुलीपुढं बसली.

मिस ओल्सन खरंच विहिरीवर भांडी घासायला गेल्या. साडीचा काठ खोचून, राखेनं, चांगली खसाखसा घासत बसल्या. गावात बातमी गेली की मेम बर्तन माँज रही है. मग जे आले नव्हते तेही धावत आले. चौपाल भरलं.

"पर जा अमरीका की चीज हमें काय पचहै?" कोणीतरी मागून विचारलं.

अंजनीनं तो प्रश्न विहिरीवरच्या बहनजींना ओरडून सांगितला. मिस ओल्सन ओल्या हातांनीच आल्या.

"अमेरिका की नहीं है," त्या म्हणाल्या. "चीन से आई, उधर के देशों से. मेरे दादा के पास आई तो दादा ने बोला, यह क्या है. गाय को डाल दिया. बीस साल गाय ने खाया. फिर आदमी सीखा. किसी ने हमको सिखाया, तो हम आपको बताते हैं. आप किसी को बताना."

गेंदाबाईनं वडा उचलला, हुंगला, तोंडात घातला. सगळे तिच्या जबड्याकडं बघत होते. तिनं तो गिळला. मग दुसरा उचलला आणि मांडीवरच्या नातवाच्या हातात दिला. त्या पोराचे दंड काडीसारखे होते. त्यानं तो दोन्ही मुठींत धरून खाल्ला.

त्या मृगात महुआखेड्यातल्या अकरा घरांनी सोयाबीन पेरलं.

अहवाल नव्यानं लिहिला गेला. त्यात अंजनीनं काय केलं ते मिस ओल्सननी लपवलं नाही आणि तिनं ते आपणहून येऊन सांगितलं हेही लिहिलं. साहेबांच्या नजरेला त्यातलं पहिलंच पडलं. अंजनीचा कागद परत आला. ती पक्की झाली ती पुढच्या साली. नीलकंठ महिनाभर घुश्शात होता. पण तोवर मिस ओल्सन तिला प्रत्येक गावी बरोबर नेऊ लागल्या होत्या आणि संध्याकाळी ती घरी येऊन आज कुठं काय झालं ते सांगू लागली की तो ऐकत नसल्यासारखं करून सगळं ऐकायचा.

पुढं एकाहत्तरची लढाई आली. रांझीत फॅक्टरी रात्रंदिवस चालू लागली. नीलकंठ बारा-बारा तास मशीनवर उभा राही. अमेरिकेची लढाऊ जहाजं बंगालच्या उपसागराकडं निघाल्याचं रेडिओवर आलं आणि नळावर पाणी भरताना शेजारची शकु सगळ्यांदेखत म्हणाली, "काहून वो अंजनी, तुही अमेरिका तर जहाज धाडून राहिली ना आपल्यावर! अन् तू तिची भांडी घासते."

नीलकंठ तेवढ्यात पाळी संपवून सायकल हातात धरून येत होता. चेहरा तेलानं काळा. तो थांबला.

"शकुवहिनी, जहाज धाडणारे वेगळे अन् हे वडे तळणारी बाई वेगळी," तो म्हणाला. "भांडी तर तिनंच घासली हायेत आमच्या मंडळीची. सबन गावानं पायलं ते."

एवढं बोलून तो पुढं गेला. अंजनी भरलेली बादली उचलायचं विसरून त्याच्या पाठीकडं बघत राहिली.

लढाई संपली, पण दोन सरकारांमधलं बिनसलं ते बिनसलंच. बहात्तरच्या उन्हाळ्यात मिस ओल्सनना परत जायचा कागद आला. अंजनीच्या मनात होतं त्यांना एकदा घरी जेवायला बोलवावं. पण फॅक्टरीच्या क्वार्टरांत परदेशी माणसाला यायची परवानगी नव्हती. मग तीच डबा घेऊन त्यांच्या बंगल्यावर गेली. सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, केली होती, पुरणपोळ्या केल्या होत्या. नीलकंठही बरोबर आला, धुतलेला शर्ट घालून. मिस ओल्सन खाली पाट मांडून जेवल्या. तीन पोळ्या खाल्ल्या. नीलकंठ व्हरांड्यातच उभा होता. बऱ्याच वेळानं दारात आला.

"बहनजी," तो म्हणाला, "उस टाइम मैंने इसको बोला था, चुप बैठ. अच्छा हुआ, इसने मेरा सुना नहीं."

मिस ओल्सन उठून उभ्या राहिल्या. "आप भी सही थे, भैया," त्या म्हणाल्या. "आपको डर था. मेरे को नहीं था. मेरे लिए सच बोलना बहुत आसान है. इसके लिए नहीं था."

अंजनीला त्यांना बरंच काही सांगायचं होतं. तुम्ही मला 'क्यों' सांगितलंत. तुम्ही मला उभं केलंत. महुआखेड्यात आता सत्तर घरं पेरतात. गेंदाबाईचा नातू शाळेत पळत जातो. यातलं एकही वाक्य हिंदीत जुळेना. ती मराठीतच म्हणाली, "बहनजी, तुमचे लई उपकार झाले." मिस ओल्सनना शब्द कळले की नाही कोण जाणे. त्यांनी तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

"मैंने साहब को लिखा है," निघताना त्या म्हणाल्या. "यह काम अंजनी करेगी. वे मानेंगे कि नहीं, मुझे मालूम नहीं."

साहेबांनी मानायला चार महिने घेतले. मानलं ते कुंदाताईंनी चारदा फाइल पुढं केली म्हणून. जीप आता नव्हती. पावसाळा सरता सरता एका सकाळी अंजनी एका हातात पातेलं आणि दुसऱ्या हातात सोयाबीनची पिशवी घेऊन कटंगीच्या बसमध्ये चढली. ज्या गावी उतरायचं तिथं ती आधी कधीच गेली नव्हती. बस भरलेली होती. तिनं पातेलं मांडीवर घेतलं आणि वाटभर बाहेर बघत राहिली. बांध फोडून पाणी सोडलेली शेतं होती आणि मधूनमधून, कुठं कुठं, पिवळं पडत चाललेलं सोयाबीन. तिनं मोजलं नाही. नुसतं बघितलं आणि मनातल्या मनात हात जोडले, बहनजींना, त्यांच्या आजोबांना, चीनमधल्या कुठल्याशा अनोळखी बाईला.

गावाच्या शाळेपुढं ग्रामसेवक वाट बघत उभा होता. झाडाखाली बायका जमल्या होत्या आणि त्यांच्यापुढं एक खुर्ची मांडलेली होती, वर धुतलेला टॉवेल घातलेली.

"मैडम पीछे आ रही हैं?" ग्रामसेवकानं तिच्या मागं रस्त्याकडं बघत विचारलं.

"नहीं भैया," अंजनी म्हणाली. "मैं ही हूँ."

तो गोंधळला. मग घाईघाईनं खुर्ची पुसू लागला. अंजनीनं त्याला थांबवलं. बायकांत मागं एक पोरगी उभी होती, दिवस भरत आलेली, एका हातानं कंबर धरून. अंजनीनं खुर्ची उचलून सावलीत नेली, त्या पोरीला दंडाला धरून तीत बसवलं आणि स्वतः जमिनीवर बैठक मारली. विटांची चूल मांडली, पातेल्यात पाणी ओतलं आणि खाली काटक्या सारल्या.

उकळी यायला वेळ होता. तोवर तिनं बायकांना जवळ बोलावलं आणि एकेकीचं नाव विचारायला सुरुवात केली.